पत्र, परिमळ आणि चित्र

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या मासिक पत्रमालेविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली आहे. चार शब्दांत आटोपणे शिक्षकाच्या स्वभावात बसत नाही, हे पुरते ठाऊक असूनही त्यांनी ही जोखीम पत्करली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. आम्ही जुन्या अकरावीचे, १९७४ सालचे मॅट्रिक. विद्वत्तेचा दावा आमच्यापाशी नाही. चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना पत्राचा मायना, मजकूर आणि पत्ता लिहावयास शिकविले, एवढ्याच अधिकारावर आज आपणांसमोर उभे आहोत.

गोष्ट बहुतेकांस माहीत आहे. तरी नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. गेली दोन वर्षे मंडळातर्फे दर महिन्यास एक पाकीट टपालाने जाते. पंचाहत्तरी ओलांडलेले ज्ञातीतील वृद्ध, आणि लग्न होऊन दूरच्या प्रांती गेलेल्या ज्या मुलींनी आपण होऊन नावे कळविली त्या, अशी मिळून एकशे बारा घरे आहेत. पाकिटात तीन वस्तू असतात : त्या मासाविषयी लिहिलेले एक पत्र, त्या मासाचा वास असलेला एक कागदी फाया किंवा वाळलेले फूल, आणि एक चित्र. तिन्हींचा विषय एकच. आता कार्यक्रमपत्रिकेवरील सहावा ठराव आपण वाचला असेलच. येत्या चैत्रापासून हे पाकीट बंद करावे, पत्र व चित्र भ्रमणध्वनीवरून पाठवावे, आणि वाचलेली रक्कम विद्यार्थी-साहाय्य निधीत जमा करावी, असा तो ठराव आहे. ठराव मांडणारे बंधू हिशेबी आहेत आणि त्यांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र किंतु नाही. परंतु मत देण्यापूर्वी आपण नेमके काय बंद करीत आहोत हे सभेस समजले पाहिजे, म्हणून हे भाषण.

पत्र हे वाचण्यासाठी असते, असे आज आपण समजतो. आपल्या आईबापांच्या काळी ते वाचण्यापूर्वीच पुष्कळ काही सांगून टाकीत असे. कोपरा फाडलेले कार्ड दारात पडले की घरातील बायका ते हातात घेण्याआधीच रडू लागत; आंघोळीचे पाणी तापत ठेवले जाई आणि मग कोणीतरी ते वाची. हळदीकुंकवाची बोटे लावलेल्या पत्रिकेस वाचणाराच लागत नसे. ज्या आजीस अक्षरओळख नव्हती, तिलाही पत्राचा अर्धा अर्थ हाताला आणि डोळ्यांला कळे. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले, पाव आण्याला. एवढ्या स्वस्त कागदाच्या तुकड्यावर आपल्या लोकांनी आपल्या चालीरीतींची ही सारी लिपी बसविली, हे आम्हांस नेहमीच नवलाचे वाटत आले आहे. टपालखात्याने ती कधी शिकविली नव्हती.

पत्रास सुगंध लावण्याची कल्पनाही काही आजची नव्हे. जपानात सुमारे हजार वर्षांपूर्वी, ज्या काळास तेथील इतिहासकार हेइआन काळ म्हणतात, त्या काळी दरबारातील स्त्रीपुरुष एकमेकांस पत्रे पाठवीत. त्यांत कागदाचा रंग, घडी, कोणत्या झाडाची डहाळी पत्रास बांधली आहे, आणि कागदाला कोणत्या धुपाचा वास दिला आहे, यावरून पाठविणाराची रसिकता जोखली जाई. मुरासाकी शिकिबू नावाच्या विदुषीने अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'गेंजी मोनोगातारी' या ग्रंथात अशा पत्रांचे उल्लेख जागोजाग आहेत. आजही त्या देशात पाकिटात घालावयाच्या लहानशा सुगंधी पुड्या विकत मिळतात. त्यांस 'फुमिको' म्हणतात. सुवासिक लाकडे आणि मसाले यांचे चूर्ण कागदाच्या इवल्याशा घडीत बांधलेले असते. द्रव अत्तर नाही, कोरडी पुडी. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढे आम्ही याच वाटेने गेलो आहोत.

आपल्याकडे सुगंधाचे स्थान पत्रापेक्षा भेटीत अधिक. अत्तर-गुलाब आणि पानसुपारी झाल्यावाचून समारंभ पुरा होत नाही. मनगटामागे लावलेला फाया घरी गेल्यावरही दरवळत राही आणि लग्न अजून संपले नाही असे वाटे. पत्रातील फाया याहून वेगळे काय करतो? भेट संपल्यानंतर जे उरत असे, तेच तो भेटीवाचून पोचवितो.

टपालखात्यासही हा मोह आवरला नाही. शेजारच्या भूतानने १९७३ साली गुलाबाच्या वासाची तिकिटे काढली. आपल्या टपालखात्याने २००६ साली चंदनाचे, २००७ साली गुलाबाचे, २००८ साली मोगऱ्याचे आणि २०१७ साली कॉफीचे सुगंधी तिकीट काढले. तिकिटावर सुगंधाचे अतिसूक्ष्म कोष बसविलेले असतात. बोटाने घासले की ते फुटतात आणि वास सुटतो. आमच्या संग्रहात चंदनाचे तिकीट आहे. नातवंडांनी ते इतके घासले आहे, की आता त्यास केवळ नातवंडांचाच वास येतो.

आता चित्रांविषयी. आपल्या घरांतून चित्र कसे आले, याचा इतिहास फार जुना नाही. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८७८ साली चित्रशाळा काढली आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची छापील चित्रे माजघरांतून लागू लागली. राजा रविवर्मा यांस त्यांची चित्रे छापून सर्वसामान्यांपर्यंत न्यावीत असा सल्ला सर टी. माधवरावांनी दिला होता. पुढे १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला. 'शकुंतलाजन्म' हे त्यातून निघालेले पहिले चित्र. नंतर हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला आणि श्लायखर नावाच्या जर्मन गृहस्थांकडे आला. ही शिळाछापाची विद्या विलक्षण होती. प्रत्येक रंगासाठी गुळगुळीत चुनखडीचा वेगळा दगड; त्यावर चित्राचा तेवढ्याच रंगाचा भाग उलटा काढावयाचा; आणि एकाच कागदावर एकामागून एक दगडांचे ठसे अचूक जुळवावयाचे. केसभर सरकले तर सरस्वतीचे ओठ गालावर! हे दगड बव्हेरियातून येत. १९७२ साली आगीत तो कारखाना भस्मसात झाला.

आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ही चित्रे घरी आल्यावर स्त्रिया त्यांस तशीच राहू देत नसत. लक्ष्मीच्या पातळास खरी जर चिकटवीत, मुकुटास टिकल्या लावीत, गळ्यात मणी ओवीत. जुन्या वाड्यांतून अशी सजविलेली चित्रे अजून पाहावयास मिळतात. छापखान्याने सहस्रावधी प्रती सारख्या काढल्या आणि आपल्या आज्यांनी त्यांतील एकही दुसरीसारखी ठेविली नाही. पडद्यावरील चित्रास टिकली लावता येत नाही.

आता पाकिटाच्या आतील व्यवहार सांगतो. कारण सभेत असा समज दिसतो, की कागदावर अत्तर शिंपडले आणि डाकपेटीत टाकले, झाले. तसे नाही.

पहिली अडचण टपालाची. ज्वालाग्राही द्रव टपालात घालण्यास मनाई आहे. आणि बाजारातील फवाऱ्याची सुगंधद्रव्ये बहुतांशी मद्यार्कात असतात. तेव्हा शिशी बाद. अत्तरात मद्यार्क नसतो, पण त्याचा पाया चंदनतेलाचा किंवा दुसऱ्या तेलाचा. ते चित्राला लागले तर तेलकट डाग पडून चित्र वाया जाते. म्हणून टीपकागदाची बोटभर पट्टी, तीवर काडीने एक थेंब, ती दोन दिवस डब्यात मुरवून मेणकागदात गुंडाळावयाची आणि पत्राच्या घडीत, चित्रापासून दूर ठेवावयाची. दुसरी अडचण वजनाची. साध्या टपालाने पाच रुपयांत वीस ग्रॅम जातात. चित्राचा कागद जाड घेतला तर काटा वर जातो, पातळ घेतला तर पाकिटात मुडपतो. टपालाचा काटा आणि आमचा काटा यांचे जमत नाही. तेव्हा अठरा ग्रॅमवर थांबावे, असा आमचा दंडक आहे.

तिसरी गोष्ट सुगंधाच्या आयुष्याची, आणि ती फार मनोरंजक आहे. लिंबू-संत्र्याचा वास घटकाभराचा सोबती. गुलाब, मोगरा त्याहून बरे, पण टपालाच्या पिशवीत आठ-दहा दिवस राहिले की मलूल होतात. चंदन, वाळा यांचे रेणू जड; ते सावकाश उडतात आणि महिनाभर पुरतात. तेव्हा जे टिकते तेच पाठवावे. सुदैवाने आपल्या निसर्गाने टपालयोग्य सुगंध पुष्कळ निर्माण केले आहेत. चैत्रात दवणा, तो वाळला तरी त्याचा वास मरत नाही. वैशाखात वाळ्याच्या दोन मुळ्या, आणि पत्रात सूचना, की या माठात टाकाव्यात. बकुळीचे फूल तर या कामासाठीच जन्मास आले असावे. ताजेपणी जेवढा वास, जवळजवळ तेवढाच वाळल्यावर. आणि दाम शून्य. आमच्या जुन्या शाळेच्या आवारातील बकुळीखाली सकाळी मुलांनी वेचलेली फुले आम्ही दोन पावसाळे पाठविली आहेत.

ज्येष्ठाच्या पाकिटाविषयी थोडे विस्ताराने बोलण्याची परवानगी असावी. पहिल्या पावसाचा वास पाठवावयाचा, असे ठरले. कनौज येथे हा वास शिशीत भरला जातो, हे अनेकांस सांगूनही खरे वाटत नाही. तेथे तांब्याच्या मोठ्या हंड्यात, ज्यास 'देग' म्हणतात, फुले आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात, खाली मंद आच देतात. वाफ बांबूच्या नळीतून 'भपका' नावाच्या, थंड पाण्यात बुडविलेल्या पात्रात उतरते. त्या पात्रात चंदनतेल असते, ते सुगंध धरून ठेवते. फुलांऐवजी भाजलेली माती देगेत घातली, की मातीचे अत्तर होते. १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी कोरड्या भूमीवर पाऊस पडताच येणाऱ्या वासाचा शोध घेऊन त्यास 'पेट्रिकोर' हे नाव दिले. उत्तर हिंदुस्थानातील अत्तरवाले हे द्रव्य आधीच काढीत असल्याचा उल्लेख त्यांनी आपल्या लेखात केला आहे. मातीतील सूक्ष्म जंतू तयार करतात ते 'जिओस्मिन' हे द्रव्य या वासाचा एक प्रमुख घटक. ते हवेत अत्यल्प असले तरी मनुष्याच्या नाकास कळते. शेती सुटली, गाव सुटले, पण नाक अजून कुणब्याचेच राहिले आहे म्हणावयाचे!

ते पाकीट गेले आणि पंधरा दिवसांत उत्तरादाखल एकेचाळीस पत्रे आली. यापूर्वी एका महिन्यात एवढी कधी आली नव्हती. त्यांतील एक विदर्भातील आमच्या एका भगिनीच्या सुनेने लिहिले होते. सासूबाईंचे वय अठ्ठ्याऐंशी. दृष्टी गेलेली, म्हणजे आमचे पत्र आणि चित्र दोन्ही त्यांस निरुपयोगी. सुनेने पट्टी त्यांच्या नाकाशी धरली. त्या काही वेळ बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "अगं, अंगणातली वाळवणं उचल आधी!" साठ वर्षांपूर्वी सुटलेल्या माहेरच्या अंगणातील वाळवणे. पुढे त्या तासभर बोलत राहिल्या. कोणती सांडगी, कोणते पापड, कोणाची धांदल. सुनेने ते सारे लिहून घेऊन आम्हांस पाठविले. घरातील मुलांनी आजीच्या माहेरचे नाव त्या दिवशी प्रथम नीट ऐकले, असे तिने शेवटी लिहिले आहे.

याचे शास्त्रीय कारणही आता पुष्कळसे कळले आहे. इतर इंद्रियांचे निरोप मेंदूतील एका मधल्या चौकीतून पुढे जातात. वासाचा निरोप त्या चौकीवर न थांबता भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी जाऊन भिडतो. वास ओळखणाऱ्या ग्राहकांचे रहस्य लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली उलगडले आणि त्यांस २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आम्ही हे वर्गात शिकविले नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात नाकाचे काम श्वास घेणे एवढेच होते.

दुसरी हकीकत वेगळ्या प्रकारची आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले आपले एक वयोवृद्ध सभासद दर पाकिटाची पोच नियमाने देतात. ओळीने तीन महिने त्यांचे कार्ड आले : "गुरुजी, या खेपेसही सुगंध घालावयाचा राहिला." पट्ट्या आम्ही स्वतः मोजून घातलेल्या. तेव्हा आम्ही त्यांच्या चिरंजीवांशी बोललो. त्यांनी वडिलांस वैद्यांकडे नेले, तेव्हा त्यांची घ्राणशक्ती बहुतांशी गेल्याचे निष्पन्न झाले. गृहस्थ एकटे राहतात आणि स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात. स्वयंपाकाच्या वायूस स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळतात. आणि ते तर यांना कळणारच नव्हते. आता त्यांच्या ओट्याजवळ गळती कळविणारी घंटा बसविली आहे. मंडळाने हे पाकीट काही आरोग्यतपासणीसाठी काढले नव्हते, तरीही हे घडले आहे आणि ते सभेच्या कानावर घालणे आम्हांस अवश्य वाटते.

चित्रांच्या निवडीवरून अनेकांची आमच्यावर नाराजी आहे. तिचाही खुलासा करतो. दिवाळीच्या पाकिटात सावळाराम हळदणकरांचे हातात समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र घाला, म्हणून किमान वीस पत्रे आली. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्याचे नाव 'ग्लो ऑफ होप'. हळदणकर आपल्या सावंतवाडीचे; आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे कलाकृतीचा स्वामित्वहक्क कलावंताच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. हळदणकर १९६८ साली वारले. म्हणजे २०२८ साल सरेपर्यंत थांबणे प्राप्त. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, रघुवीर मुळगावकर १९७६ साली; त्यांची चित्रे तर त्याहून दूर. ज्यांच्या दिवाळी अंकांवर आणि दिनदर्शिकांवर आमची पिढी वाढली, त्यांची चित्रे विनापरवाना छापून मंडळाच्या नावास बट्टा लावणे आमच्याच्याने होणार नाही. रविवर्मे आहेत, कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर आहेत. धुरंधर १९४४ साली वारले, त्यांची चित्रे आता सर्वांची आहेत. धुरंधरांनी तर पोस्टकार्डांसाठीही चित्रे काढली होती. मुंबईच्या रस्त्यातील माणसे, त्यांच्या पगड्या, त्यांची पातळे. आम्ही ती प्रथम पाकिटात घातली, तेव्हा टपालासाठी काढलेले चित्र शंभर वर्षांनी पुन्हा टपालातून निघाले, याचा आम्हांस केवढा आनंद झाला! पिंगुळीच्या चित्रकथीचे एक चित्र मात्र आम्ही तेथील कलावंतास मोबदला देऊन काढवून घेतले. तो खर्च काहींस खुपला, हे आम्हांस माहीत आहे. तो तसाच पुन्हा करावा, असे आमचे मत आहे.

आता हिशेब. एका पाकिटास पाच रुपये टपाल, अकरा रुपये चित्र, चार रुपये कागद व पाकीट आणि सरासरी चार रुपये सुगंध, असे चोवीस रुपये पडतात. एकशे बारा घरे आणि बारा महिने. वर्षास बत्तीस हजारांहून किंचित अधिक. विद्यार्थी-साहाय्य निधीतून ही रक्कम गेल्यास दोन-तीन मुलांच्या वह्यापुस्तकांची सोय होईल, हे खरे आहे आणि शिक्षक म्हणून ते आमच्या जिवास लागते. यास उत्तर म्हणून आम्ही इतकेच सांगतो, की हे पाकीट विद्यार्थ्यांकडूनच जाते. पत्राचा मजकूर आम्ही लिहितो आणि त्याच्या छायाप्रती काढतो. परंतु प्रत्येक पत्राच्या तळाशी दोन ओळी मोकळ्या असतात, आणि त्या ज्ञातीतील मुले आपल्या हाताने, त्या त्या आजी-आजोबांचे नाव घालून लिहितात. प्रारंभी 'तीर्थरूप' कोणास आणि 'चिरंजीव' कोणास, हे एकाही मुलास ठाऊक नव्हते. एकाने ऐंशी वर्षांच्या आजोबांस 'चि.' लिहिले, आजोबांनी उलट टपाली कळविले, "आशीर्वाद पोचला, बाळ. आता आम्ही शंभर वर्षे जगणार." त्या मुलाने ते कार्ड दप्तरात ठेविले आहे. आज सव्वीस मुले हे काम करतात. इंग्रजी माध्यमातील पाच मुलांस मराठी जोडाक्षरे या दोन ओळींपायी लिहिता येऊ लागली. शिकवणीचा दर लावला, तर बत्तीस हजार रुपये फार नाहीत.

भ्रमणध्वनीची आम्हांस अडचण नाही. परदेशी असलेल्या आपल्या मुलींस आम्ही पत्र आणि चित्र त्याच मार्गाने पाठवितो. कारण वाळलेली फुले, मुळ्या, बिया यांस अनेक देशांच्या सरहद्दीवर मज्जाव आहे, आणि ऑस्ट्रेलियात तर त्याची फारच कडक तपासणी होते. परंतु आपल्या एकशे बारा घरांपैकी वृद्धांच्या निम्म्याहून अधिक घरी तो यंत्रणा-संदेश सून किंवा मुलगा पाहतो आणि पुढे सरकवितो. पाकिटावर मात्र आजोबांचे नाव असते. पोस्टमन ते नाव घेऊन हाक मारतो. कित्येकांच्या नावाची हाक दारात महिन्यातून तेवढी एकदाच येते.

टपालाविषयी तक्रारी आहेत, त्या लपवून चालणार नाही. एका गावी तीन महिन्यांची पाकिटे एकदम, सुतळीने बांधून पोचती झाली. दवणा, वाळा आणि माती यांचा जो संयुक्त वास त्या घरात पसरला, त्याचे वर्णन पत्रलेखकाने सभ्य शब्दांत केले आहे. पिनकोड चुकीचा असला की पाकीट भटकते. ही सहा अंकांची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतातील कवी होते. अशा कवीची रचना आपण चुकीची पाठ करावी, हे बरे नव्हे. सभासदांनी आपापले अंक पुन्हा तपासून द्यावेत. तार २०१३ साली गेली. रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. साधे टपाल अद्याप चालू आहे. जोवर ते आहे तोवर त्याचा उपयोग करून घ्यावा, असे आम्ही मानतो. आमच्या भागातील पोस्टमन परवा म्हणाला, "गुरुजी, महिन्यातून एक दिवस माझ्या पिशवीत डोकं घालावंसं वाटतं."

ठरावास आमची उपसूचना अशी आहे. पाकीट आणखी एक वर्ष चालू ठेवावे. ज्या घरांस खर्च झेपतो, त्यांनी वर्षाचे तीनशे रुपये द्यावेत. त्यांत त्यांचे बारा महिने होऊन बारा रुपये उरतात. ज्यांस झेपत नाही, त्यांजकडून काही घेऊ नये आणि त्यांची नावे कोठेही छापू नयेत. मंडळाच्या शिल्लकीतून जी तूट पडेल, ती पंधरा हजारांच्या वर जाऊ लागल्यास आम्ही स्वतः येऊन पाकीट थांबविण्याची सूचना मांडू.

फाल्गुनाचे पाकीट सुरंगीचे आहे. वेंगुर्ल्याकडील एका सभासद भगिनीने वाळलेल्या कळ्या पाठविण्याचे कबूल केले असून त्या येत्या आठवड्यात येतील. चित्र छापून आले आहे. पाकिटे भरण्याचे काम रविवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या कार्यालयात आहे. मुले सव्वीस आहेत, पण घड्या घालणारी मोठी माणसे चारच. आणखी तिघे-चौघे हवेत. येणाऱ्यांनी त्या दिवशी अंगास अत्तर लावून येऊ नये, पट्ट्यांचे वास एकमेकांत मिसळतात. चहा मंडळाकडून मिळेल.